अक्षरं नुसती डोळ्यांखालून जातात, तेव्हा पोथी कशी धरावी?

ताई, रामकृष्णहरी.

तुमचा प्रश्न मला असा समजला. मिस्टर जाऊन आठ महिने झाले. तुम्ही एका दुकानात हिशेबाचं काम धरलंय, मुलगा बारावीला आहे, घराचे हप्ते चालू आहेत. सासूबाईंची ज्ञानेश्वरी घरात आहे. रात्री सगळं आवरून ती घेऊन बसता, पण अक्षरं डोळ्यांखालून जातात आणि आत काहीच उतरत नाही. शेजारच्या काकू म्हणतात गुरुचरित्राचा सप्ताह करा, तर जाऊबाई म्हणतात बाईमाणसाने ते वाचू नये. त्यात दीर हक्कसोडपत्रावर सही मागतायत आणि वर तुकोबांचाच दाखला देतात, की त्यांनी कर्जखतं इंद्रायणीत बुडवली, मग तुम्हाला जमिनीचा मोह कशाला? शेवटी तुम्ही विचारलंय की कोणता ग्रंथ वाचला म्हणजे बळ येईल, आणि डोळे मिटून पान उघडलं तर सहीचा कौल मिळेल का.

मी वारकरी घरातला. कीर्तन करतो, प्रवचनं करतो. आमच्या भागात दशक्रियेला घाटावर प्रवचन ठेवायची पद्धत आहे, त्यामुळे दुःखाच्या घरी जाणं माझ्या नेहमीचंच. त्या अनुभवातून सांगतो. तुमचं घर दत्त संप्रदायातलं असेल, समर्थांचं असेल, तर ग्रंथ बदलतील. मला जे माहीत आहे ते ज्ञानोबा-तुकोबांच्या अंगणातलं.

पहिल्यांदा एक गुंता सोडवू. तुमच्या पत्रात तीन वेगळे प्रश्न एकमेकांत अडकलेत. वाचलेलं आत का जात नाही, हा एक. बळ कशाने येतं, हा दुसरा. आणि सही करायची की नाही, हा तिसरा. ‘कोणता ग्रंथ’ हा प्रश्न तुम्ही सगळ्यात वर ठेवलाय, पण माझ्या मते त्याला सगळ्यात कमी महत्त्व आहे. ज्ञानेश्वरी घरात आहे ना? मग ग्रंथ आहे.

आता वाचलेलं आत का जात नाही ते. तुम्हाला वाटतंय तुमची श्रद्धा कमी पडते. तसं काही नाही. तुकोबांनी स्वतःची हकीकत एका अभंगात सांगून ठेवलीय, ‘याती शूद्र वैश केला वेवसाव’ हा तो अभंग. संतांनी विचारलं म्हणून सांगतो, एरवी बोलू नये, असं म्हणून ते सुरुवात करतात. 1630 च्या सुमाराचा तो दुष्काळ. तुकोबांनी नुकती विशी ओलांडलेली. आईवडील गेलेले, व्यापार बसलेला.

‘दुष्काळें आटिलें द्रव्य नेला मान । स्त्री एकी अन्न अन्न करितां मेली ॥’

पैसा गेला, पत गेली, बायको भुकेने गेली. पुढच्या कडव्यात ते म्हणतात, जिवाची लाज वाटू लागली. आणि यानंतर ते काय करतात हे मी लोकांना मुद्दाम क्रमाने वाचायला सांगतो, कारण तो क्रम फार नीट लावलेला आहे. आधी देवळाची डागडुजी. पूर्वज विश्वंभरबोवांच्या वेळचं विठ्ठलाचं देऊळ मोडकळीला आलं होतं, ते दुरुस्त करावंसं मनात आलं. म्हणजे पहिलं काम हातांचं. मग एकादशीचं कीर्तन. आणि तिथेच ते कबूल करतात:

‘आरंभी कीर्तन करीं एकादशी । नव्हतें अभ्यासीं चित्त आधीं ॥
कांहीं पाठ केलीं संतांचीं उत्तरें । विश्वासें आदरें करोनियां ॥’

चित्त नव्हतं. तुकोबांचंही नव्हतं. तरी त्यांनी काय केलं, तर संतांची काही वचनं पाठ केली. समजून घेतली, चिंतन केलं, असं या ठिकाणी म्हटलेलं नाही. नुसती पाठ केली. त्याच्या पुढचं कडवं तर माझ्या जास्तच आवडीचं आहे: ‘गाती पुढें त्यांचें धरावें धृपद’. जे पुढे गातायत त्यांच्या मागे उभं राहून धृपद धरायचं. अभंगाची स्फूर्ती वगैरे गोष्टी बऱ्याच कडव्यांनंतर येतात.

आपण याच्या उलट करतो. दिवसभराने गळून गेलेल्या डोक्याला रात्री साडेदहाला एकटं बसवतो, समोर सातशे वर्षांपूर्वीची मराठी ठेवतो आणि म्हणतो, आता अर्थ लाव आणि शांत हो. धडधाकट माणसालाही ते जमत नाही. दुःखात डोकं सगळ्यात आधी थकतं. तोंड आणि कान त्या मानाने चालू असतात. म्हणून माझं पहिलं सांगणं हे की काही दिवस वाचणं थांबवा आणि म्हणायला लागा.

एक अभंग घ्या. मी तुमच्या जागी असतो तर हा घेतला असता:

‘रात्रंदिवस आम्हां युद्धाचा प्रसंग । अंतर्बाह्य जग आणि मन ॥’

यात कुठे दिलासा नाही बघा. सगळं ठीक होईल असं तुकोबा म्हणत नाहीत. बाहेर जगाशी लढाई आहे, आत मनाशी आहे, आणि जिवावर रोज आघात पडतायत ते रोज परतवतो, एवढंच सांगतात. तुम्ही सध्या जगताय तेच हे, फक्त ते शब्दांत बसलेलं आहे. शेवटच्या चरणात ‘तुका म्हणे तुझ्या नामाचिया बळें । अवघियांचें काळें केलें तोंड’ असं येतं. हे मोठ्याने म्हणताना आवाज आपोआप चढतो. भाकरी थापताना म्हणा, बसची वाट बघताना पुटपुटा. पाठ व्हायला आठवडा लागो की महिना, घाई नाही. पाठ झालेल्या ओळीचा फायदा हा की ती पहाटे तीनला जाग येते तेव्हा दिवा न लावता, चष्मा न शोधता हाताशी असते. त्या वेळी कपाटातली पोथी काही कामाची नसते.

दुसरं, जवळच्या देवळात हरिपाठ होत असेल तर जा. गावात, वस्तीत, कुठे ना कुठे दिवेलागणीला होतोच. अर्ध्या तासाचं काम. ज्ञानोबांचे सत्तावीस अभंग आहेत, पण ते तुम्हाला येत नसले तरी अडत नाही. पुढचा म्हणणारा एक अभंग संपवतो, टाळ दोनदा जोरात पडतात आणि मागचे सगळे ‘हरि मुखें म्हणा हरि मुखें म्हणा । पुण्याची गणना कोण करी’ हे धृपद उचलतात. पुन्हा पुढचा अभंग, पुन्हा तेच धृपद. दोन दिवसांत ते जिभेवर बसतं. भिंतीला टेकून बसलेल्या बायकांमध्ये जाऊन बसा. कोणी काही विचारत नाही. बोलावं लागत नाही, सांत्वन ऐकावं लागत नाही, आणि तरी माणसांत असता. एका बाईने मला सांगितलं होतं की नवरा गेल्यावर तिचा आवाज तिलाच पहिल्यांदा मोठा ऐकू आला तो हरिपाठात. घरात ती आठ-आठ दिवस हळूच बोलत होती.

तोंड सैल झालं, थोडी झोप लागू लागली, की मग वाचायला घ्या. पण कुठून?

याबाबत माझं मत थोडं वेगळं आहे आणि सगळ्या कीर्तनकारांना ते पटणार नाही. लोक दुःखी माणसाच्या हातात थेट आत्मा अमर असल्याचे श्लोक देतात. घाटावरही तेच होतं. अस्थी सावडून जेमतेम आठवडा झालेला असतो, माइकवर एकामागून एक श्रद्धांजल्या चाललेल्या असतात आणि मग आमच्यातला कोणीतरी ‘नैनं छिन्दन्ति शस्त्राणि’ सुरू करतो. तो श्लोक खरा आहे. पण गीतेत तो दुसऱ्या अध्यायात येतो, आणि त्याच्या आधी एक सबंध अध्याय आहे, हे आपण विसरतो.

पहिल्या अध्यायाचं नावच अर्जुनविषादयोग. सत्तेचाळीस श्लोकांचा हा अध्याय. त्यात श्रीकृष्ण किती बोलतात? अर्ध्या श्लोकाएवढंही नाही. रथ मध्ये नेऊन उभा करतात आणि म्हणतात, पार्था, हे जमलेले कौरव बघ. बस. त्यानंतर अर्जुन बोलतो. अंग कापतंय, तोंडाला कोरड पडलीय, गांडीव हातातून निसटतंय, कातडी जळतेय, उभं राहवत नाही, हे सगळं तो सांगतो आणि भगवंत ऐकून घेतात. दुसऱ्या अध्यायातसुद्धा अर्जुन स्वतः ‘मला कळेनासं झालंय, तूच सांग’ असं म्हणेपर्यंत खरा उपदेश सुरू होत नाही. ज्या ग्रंथाला आपण उपदेशाचा ग्रंथ म्हणतो त्याची सुरुवात अशी आहे. म्हणून तुमची ज्ञानेश्वरी पहिल्या अध्यायापासूनच काढा, आणि उपदेश येईपर्यंत खुशाल थांबून राहा.

तिथे ज्ञानोबा माउली अर्जुनाबद्दल काय म्हणतात ते बघा. ज्याने युद्धात शंकराला जिंकलं, निवातकवच नावाच्या दैत्यांचा मागमूस ठेवला नाही, तो अर्जुन एका क्षणात मोहाने कवळला गेला. हे कसं झालं? तर:

‘जैसा भ्रमर भेदी कोडें । भलतैसें काष्ठ कोरडें ।
परि कळिकेमाजीं सांपडे । कोंवळिये ॥
तेथ उत्तीर्ण होईल प्राणें । परि तें कमळदळ चिरूं नेणें ।
तैसें कठिण कोवळेपणें । स्नेह देखा ॥’

भुंगा कसलंही वाळलेलं लाकूड कोरून पार होतो, पण कमळाच्या कोवळ्या कळीत अडकला तर जीव देईल, पाकळी चिरणार नाही. माया अशी कोवळी असून कठीण असते. माउलींनी इथे अर्जुनाला भित्रा म्हटलेलं नाही. तुम्ही पत्रात लिहिलंय, ‘मी ऑफिसचं, बँकेचं सगळं एकटीने निभावते, आणि ह्यांचा शर्ट दिसला की कोसळते, इतकी कशी कमकुवत झाले’. त्याला या दोन ओव्यांपेक्षा बरं उत्तर माझ्यापाशी नाही.

ज्ञानेश्वरीची भाषा जड जात असेल तर सार्थ प्रत घ्या, ज्यात ओवीखाली आजच्या मराठीत अर्थ असतो. तेही नको वाटलं तर विनोबांची गीताई घ्या, म्हणजे सोप्या मराठी पद्यातली गीता. ‘गीताई माउली माझी, तिचा मी बाळ नेणता । पडतां रडतां घेई, उचलूनि कडेवरी’ हे त्यांनी तिच्याबद्दल म्हटलंय. त्यांचं ‘गीता प्रवचने’ हे वेगळं पुस्तकही आहे: 1932 साली धुळ्याच्या तुरुंगात रविवारी रविवारी त्यांनी गीतेवर प्रवचनं दिली आणि सानेगुरुजींनी ती लिहून घेतली. समोर बसलेले कैदीच होते, पंडित नव्हते. त्यामुळे ती भाषा थकलेल्या माणसालाही झेपते.

गाथ्यात आणि संतांच्या अभंगांत रडण्याला आणि रागावण्याला किती जागा आहे, हेही जरा बघा. ज्ञानोबांनी आळंदीला समाधी घेतली तेव्हाचे नामदेवांचे अभंग आहेत. ‘बांधल्या तळ्याचा फुटलासे पाट’ असं वाटलं म्हणतात, आणि ते ज्या मंडळींबद्दल आहे ती सगळी ब्रह्मज्ञानी. आत्म्याचं अमरत्व त्यांना काय ठाऊक नव्हतं? तरी पदर डोळ्यांना लागलेच. जनाबाई तर विठोबाला ‘अरे विठ्या विठ्या । मूळ मायेच्या कारट्या’ म्हणून शिव्या घालते. तुकोबा एका ठिकाणी म्हणतात, ‘माझे लेखीं देव मेला । असो त्याला असेल’. देवाशी बोलणं टाकलं, नावही घेणार नाही. हा अभंग गाथ्यात आहे, कोणी काढून टाकलेला नाही, आणि वारकरी त्याच गाथ्याला डोक्यावर घेऊन चालतात. तुम्ही लिहिलंय की देवघरासमोर उभं राहिलं की राग येतो आणि मग पाप वाटतं. पाप कसलं? त्या रागाला आपल्याकडे चाल लावून म्हणायची सोय आहे.

बहिणाबाई म्हणजे शिऊरच्या संत बहिणाबाई, तुकोबांच्या शिष्या. त्यांनी स्वतःच्या संसाराची हकीकत अभंगांत सांगितलीय, नवऱ्याचा विरोध आणि मारसुद्धा लपवलेला नाही. बाईच्या बाजूने दुःख कसं दिसतं हे वाचायचं असेल तर त्यांचे आत्मचरित्रपर अभंग जरूर वाचा.

काय आत्ता वाचू नये, तेही सांगतो. तुकोबांचेच दोन अभंग आहेत. एकात ‘बरें जालें देवा निघालें दिवाळें’ असं म्हणतात, दुसऱ्यात ‘बाईल मेली मुक्त जाली’, ‘पोर मेलें बरें जालें’ असं. हे अभंग खोटे नाहीत, पण ज्याचं दिवाळं निघालं, ज्याची बायको आणि पोर गेलं, त्याने मागे वळून स्वतःबद्दल म्हटलेले आहेत. ते दुसऱ्या कोणी तुमच्या तोंडावर म्हणायचे नाहीत आणि तुम्हीही स्वतःला दटावून म्हणायचे नाहीत. कधी आतून आले तर येतील. ‘ठेविलें अनंतें तैसेंचि राहावें’ याचंही तेच. तुकोबांनी ते स्वतःच्या चित्ताला सांगितलंय. आपल्याकडे ते बहुतेक वेळा दुसऱ्याचं तोंड बंद करायला वापरलं जातं, आणि गंमत म्हणजे म्हणणाऱ्याचं स्वतःचं सगळं जागच्या जागी असतं.

गुरुचरित्राबद्दल. काही परंपरा बायकांना ते वाचू देत नाहीत, काही केंद्रांमध्ये बायकाच पारायणाला बसतात. हा वाद मी सोडवणार नाही, तो ज्याच्या त्याच्या गुरुपरंपरेचा आहे. पण तुम्हाला मी आत्ता सप्ताह करू नका असंच सांगेन, आणि कारण बाई असण्याचं नाही. सात दिवसांचे नियम कडक असतात: सोवळं, एका जागी बैठक, खाण्यावर बंधन, जमिनीवर झोपणं. तुम्ही नोकरी करून घर चालवताय. एखाद्या दिवशी नियम मोडला की सप्ताह पुरा होण्याऐवजी मनाला नवीन बोच लागते, की माझ्याकडून मोडला म्हणून आता आणखी काही वाईट होणार. अशी घाबरलेली माणसं माझ्याकडे येतात. घर दत्ताचं असेल तर रोज थोडं वाचा, सप्ताहाचा संकल्प न करता. ज्ञानेश्वरीला आणि हरिपाठाला असलं काही नाही, अंगावरच्या साडीत, गॅसपाशी चालतं.

वाचनाचं इथपर्यंत. आता सहीचं, आणि इथे मी जरा स्पष्ट बोलणार आहे.

पान उघडून कौल घेऊ नका. सश्रद्ध माणूस म्हणूनच सांगतोय. नऊ हजारांवर ओव्या असलेल्या ग्रंथाचं कुठलंही पान उघडा, वैराग्याची एखादी ओवी सापडेल आणि कर्तव्याचीही सापडेल. घाबरलेल्या मनाला त्यातली भीतीची तेवढी दिसते. आणि ज्या गीतेकडून तुम्ही कौल मागताय तिचा शेवट काय आहे? अठरा अध्याय सांगून झाल्यावर भगवंत म्हणतात, ‘विमृश्यैतदशेषेण यथेच्छसि तथा कुरु’. याचा पुरता विचार कर आणि मग तुला वाटेल तसं कर. साक्षात समोर उभं राहूनही त्यांनी निर्णय अर्जुनाकडेच ठेवला. तुकोबांच्या त्याच ‘याती शूद्र’ अभंगात पुढे आहे, ‘सत्यअसत्यासी मन केलें ग्वाही । मानियेलें नाहीं बहुमता’. खरं-खोटं ठरवायला मनाला साक्षीदार केलं, चार लोक काय म्हणतात ते मानलं नाही.

मग पोथी मार्गदर्शन करतच नाही का? करते, पण सही कर किंवा करू नको असं नाही सांगत. समोरचा जे संतवचन तोंडावर फेकतोय ते खरं कुठे आहे आणि कसं आहे, हे ती दाखवते. तुमच्या दिरांचाच दाखला घ्या. तुकोबांनी खतं इंद्रायणीत बुडवली, खरं आहे. पण पूर्ण गोष्ट काय आहे? चरित्रकार सांगतात की धाकटा भाऊ कान्होबा म्हणाला, यात माझाही वाटा आहे, मला संसार आहे. तेव्हा तुकोबांनी खतांचे दोन भाग केले. भावाचा निम्मा भाग त्याच्या हातात दिला आणि आपल्या निम्म्या भागावर पाणी सोडलं. भावाच्या वाट्याला हात लावला नाही, आणि त्याला वैराग्याचं प्रवचनही दिलं नाही. त्या गोष्टीत मोठा भाऊ स्वतःचं सोडतो. इथे दीर तुमचं सोडायला सांगतायत. पुढच्या वेळी तुकोबांचं नाव निघालं तर कान्होबाचं काय झालं एवढंच शांतपणे विचारा.

समर्थांचं वाक्य तुम्हाला पाठ असेलच: ‘आधी प्रपंच करावा नेटका । मग घ्यावें परमार्थविवेका’. नेटका प्रपंच म्हणजे या घडीला कागद नीट बघणं. 1956 च्या वारसा कायद्याप्रमाणे विधवा पत्नी ही पहिल्या वर्गातली वारस असते, मुलगाही असतो. सातबाऱ्यावर वारसनोंद झालीय का ते तलाठ्याकडे बघा. हक्कसोडपत्र एकदा नोंदवलं गेलं की मागे फिरणं फार अवघड. जमीन वडिलोपार्जित आहे की मिस्टरांनी घेतलेली, मुलाला अठरा पूर्ण आहेत की नाहीत, यावर बरंच अवलंबून आहे आणि ते मला इथून दिसत नाही. त्यासाठी वकील गाठा, आणि तो दिरांनी सुचवलेला नको. कदाचित सगळं बघून तुम्ही स्वतःच म्हणाल की वाटा देऊन टाकते, मोकळी होते. तेही चालेल. फक्त ते तुम्ही ठरवलेलं असावं. घरात दुःख असताना घाईने मागितलेली सही थांबवायला ‘वर्षश्राद्ध होऊ द्या, मग बघू’ एवढं म्हणणं आपल्या समाजात पुरतं. त्याचा उपयोग करा.

एक गोष्ट तुम्ही ओझरती लिहिलीय, पण मी ती सोडणार नाही. ‘कधी कधी वाटतं सकाळी जाग येऊच नये.’ हे रोज वाटत असेल, जेवण तुटलं असेल, झोप महिनोन्‌महिने उडालेली असेल, तर हरिपाठाबरोबर डॉक्टरकडे जा. टेलि-मानस ही सरकारची हेल्पलाइन आहे, 14416 वर फोन लागतो, मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत. आणि जीव देण्याचे विचार येत असतील तर आजच लावा, घरातल्या किंवा ओळखीच्या एका माणसाला आजच सांगा. भक्तीत कमी पडलो म्हणून औषध घ्यावं लागतं, असं कोणी म्हटलं तर त्याला दासबोधाचा तिसरा दशक दाखवा. आध्यात्मिक तापाच्या, म्हणजे आपल्याच देहा-मनाच्या दुखण्यांच्या, समासात समर्थ खरजेपासून देवी-गोवरापर्यंत एकेक व्याधी मोजतात. देह आहे तिथे हे असायचंच, असं धरून ते चालतात.

राहिला मुलगा. त्याला शेजारी बसवून वाचून घेऊ का, असं विचारलंय. नको. बारावीचं वर्ष आहे, बाप गेलाय, त्याचं दुःख त्याच्या पद्धतीने चाललेलं असणार. तुम्ही स्वयंपाक करताना मोठ्याने म्हणत राहा, त्याच्या कानावर पडू द्या. एखादी ओळ चुकलात आणि त्याने आतल्या खोलीतून दुरुस्त केली, तर तेवढं पुरे, त्यावर काही बोलूही नका. आणि सार्थ ज्ञानेश्वरी नवीन घेणार असाल तर मोठ्या टायपाची घ्या. सासूबाईंची प्रत जुनी असेल तर तिचा कागद आता सारखं उलटण्याजोगा राहिलेला नसेल. ती देवघरात राहू द्या, आणि रोजच्या वापराची वेगळी ठेवा, जिच्यावर पेन्सिलीने खुणा करायला हात कचरणार नाही.